पिंट्याला वाचवलं, आता बुवाने खायचं काय?

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीच्या हट्टापायी घरात व्हेल्ड शॅमेलिऑनचं, म्हणजे सरड्याच्या एका परदेशी जातीचं पिल्लू आलं. नाव बुवा, वय आता चार महिने. सुरुवातीला मुलगीच त्याला जिवंत रातकिडे घालायची. मग एक दिवस डब्यातल्या एका रातकिड्याला एक पाय नाही असं तिच्या लक्षात आलं. तिने त्याचं नाव पिंट्या ठेवलं आणि त्याला कंपासपेटीत लपवलं. तेव्हापासून ती रातकिड्यांच्या डब्याला हात लावत नाही, आणि बुवाने जीभ मारली की रडते. बुवाला कुंडीतली पानं कुरतडताना तिने पाहिलं आहे, म्हणून तो पानांवर राहील असं तिचं म्हणणं. आईने मधला मार्ग म्हणून वाळवलेल्या अळ्या आणल्या, पण बुवा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आई विचारतात : मुलीला हे क्रौर्य रोज बघायला लावणं बरोबर आहे का? जिवंत किडे न घालता हा जगेल का? की मुलीचं मन घट्ट करायला हवं? घरातले म्हणतात, देऊन टाका कोणाला तरी. ‘मलाही रातकिडा हातात धरवत नाही, हेही सांगून टाकते,’ असंही आईंनी लिहिलं आहे.

उत्तर :

आधी बुवाच्या पोटाचं बघू, मनाचं मग. वाळवलेल्या अळ्या तो खात नाही असं तुम्ही लिहिलंत, पण किती दिवसांपासून ते लिहिलेलं नाही. दोन-तीन दिवस झाले असतील तर हे वाचणं अर्ध्यावर ठेवा, त्याला चार छोटे रातकिडे घाला आणि मग पुढे वाचा. पूर्ण वाढलेल्या शॅमेलिऑनला एक-दोन दिवसांचा खाडा चालतो. चार महिन्यांचं पिल्लू झपाट्याने वाढत असतं, त्याला रोज लागतं.

तो रुसलेला नाही, चोखंदळही नाही. त्या अळ्या त्याला अन्न म्हणून दिसतच नाहीत. एकदा शेजारी बसून नीट बघा. दोन डोळे दोन दिशांना हिंडत असतात. पानावर काहीतरी हललं की एक डोळा तिथे थांबतो, मग दुसरा त्याला येऊन मिळतो. मान जराशी पुढे येते, तोंड किंचित उघडतं, जिभेचं टोक ओठांत डोकावतं आणि मग जे होतं ते आपल्या डोळ्यांना धड दिसतच नाही. जीभ शरीराच्या दीड-दोन पट लांब जाते. तिच्या मुळाशी एक टोकदार हाड असतं, त्याच्याभोवतीच्या लवचीक आवरणांत ताण साठवलेला असतो, तो धनुष्यासारखा एकदम सुटतो. २०१६ मध्ये एका छोट्याशा आफ्रिकन प्रजातीच्या जिभेचं मोजमाप प्रसिद्ध झालं, त्यात तिचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट भरलं. जितका शॅमेलिऑन लहान, तितकी त्याची जीभ अंगाच्या मानाने जोरकस. भक्ष्य चिकटतं ते लाळेमुळे. माणसाच्या लाळेपेक्षा ती सुमारे चारशे पट दाट असते. हा सगळा खटाटोप सुरू होतो तो हालचालीने. निपचित पडलेली अळी त्याच्या लेखी काडी.

चिमट्यात धरून वाळकी अळी हलवली तर काही शॅमेलिऑन ती घेतात. पण वाळवलेल्या किड्यात पाणी नसतं, आणि शॅमेलिऑन भांड्यातलं पाणी सहसा ओळखतच नाहीत, ते पानांवरचे थेंब चाटतात. म्हणून वाळवलेलं खाणं क्वचित कधीतरी ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही.

आता पानांचं. तुमच्या मुलीचं निरीक्षण खोटं नाही, हे तिला आवर्जून सांगा. शॅमेलिऑनच्या बहुतेक प्रजाती पानांना तोंड लावत नाहीत, पण व्हेल्ड शॅमेलिऑन खरोखरच पानं खातो. येमेन आणि सौदी अरेबियाच्या भागातला हा प्राणी, पाण्यासाठी आणि चोथ्यासाठी पानं चावत असावा. म्हणूनच त्याच्या घरात विषारी झाड ठेवायचं नाही. पण पानांवर तो जगणार नाही. पानं त्याचं तोंडीलावणं, जेवण किड्यांचंच. तेव्हा तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. जिवंत किडे घालणार नसाल तर शॅमेलिऑन ठेवता येणार नाही.

‘क्रौर्य’ या शब्दापाशी मात्र मी अडते. तुम्ही आणि तुमची लेक दोघीही ते पिंजऱ्यात शोधताय. पिंजऱ्यात काय घडतं? डोळ्याचं पातं लवायच्या आत जीभ लागते, जबडा मिटतो, संपलं. रातकिड्याच्या वाट्याला येऊ शकणाऱ्या मरणांमध्ये हे लवकरचं म्हणायला हवं. पण त्याआधीचे आठ दिवस तो कुठे होता? तुमच्याकडचा डबा उघडून बघा. बहुतेक घरांत मला तो सारखाच दिसला आहे : तळाला ओलसर घाण, कोपऱ्यात मेलेले चार-पाच, सुकून चामड झालेला गाजराचा तुकडा, आणि झाकण उघडताच नाकात जाणारा भपकारा. गर्दी झाली, खायला-प्यायला कमी पडलं, की रातकिडे एकमेकांना चावतात, कुरतडतात. पिंट्याचा पाय बुवाने तोडलेला नाही. तो बहुधा डब्यात गेला.

मुलीच्या नजरेला जे पडलं ते बुवाचं क्रौर्य नव्हतं, आपला हलगर्जीपणा होता. ‘आपला’ म्हणते, कारण मीही त्यातलीच. तुम्ही एक प्राणी आणला असं तुम्हाला वाटतंय. खरं तर दोन आणलेत, एक बुवा आणि एक रातकिडे. बुवाच्या तोंडी जाईपर्यंत रातकिडाही तुमच्या पदरातलाच. कीटकांना काय आणि किती जाणवतं यावर अजून वाद आहेत, पण ‘त्यांना काही कळत नाही’ असं हल्ली कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बंबलबी माश्या काही बक्षीस मिळत नसतानाही लाकडी गोळे पुन्हा पुन्हा लोळवत बसल्या होत्या. दहा वर्षांच्या मुलीने रातकिड्याला नाव दिलं, यात हसण्यासारखं काही नाही.

आणि यात एक सोय अशी, की रातकिड्याचं भलं आणि बुवाचं भलं एकच आहे. रातकिडा म्हणजे चालतीबोलती पिशवी, तिच्यात जे भराल ते बुवाच्या पोटात जाणार. उपाशी, सुकलेला रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. घालण्याआधी निदान एक दिवस, जमलं तर दोन दिवस त्याला चांगलंचुंगलं खायला हवं : हिरव्या पालेभाज्या, गाजर, रताळं, लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं. पाण्याची उघडी वाटी ठेवू नका, रातकिडे तिच्यात बुडून मरतात. रसदार भाजीचा ताजा तुकडा पुरतो, फक्त तो रोज बदलायचा. डबा मोठा, कडा गुळगुळीत, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून ठेवलेले, म्हणजे प्रत्येकाला लपायला कोनाडा मिळतो आणि मारामाऱ्या कमी होतात. आठवड्यातून एकदा तळ साफ. एवढं केलं की भपकारा जातो, आणि खरं सांगते, तुमची किळसही निम्मी होते.

हातात धरवत नाही म्हणता, तर धरूच नका. पुठ्ठ्याचा ट्रे उचलायचा, उंच पिशवीवर नाहीतर डब्यावर धरून हलकेच झटकायचा, हवे तितके खाली पडतात. त्यातच चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकायची आणि पिशवी दोन-तीनदा हळू फिरवायची. बाहेर येतात ते पांढुरके, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. ही पूड चैन नव्हे. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि बुवाला हवं असतं नेमकं उलटं. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा मऊ होतो, फांदीवरची पकड सुटते, जीभ नेमकी लागत नाही. वाढत्या पिल्लात हे फार लवकर होतं आणि एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही. रोजची पूड डी-३ (ड जीवनसत्त्व) नसलेली साधी कॅल्शियमची. डी-३ असलेली आणि मल्टिव्हिटॅमिनची पूड साधारण पंधरा दिवसांतून एकदाच, कारण डी-३ जास्त झालं तरी बाधतं.

पण पूड कितीही घातली तरी वर योग्य दिवा नसेल तर ती वाया. अन्नातलं कॅल्शियम शोषायला डी-३ लागतं आणि ते अंगात तयार व्हायला यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण लागतात, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे. साध्या बल्बातून ते येत नाहीत. खिडकीच्या काचेतून तर अडतातच, त्यामुळे ‘आमचा बुवा खिडकीत उन्हात बसतो’ हे फसवं समाधान आहे. लांब नळीचा यूव्हीबी दिवा घ्या. तो दिसायला पेटत राहतो, पण त्याची शक्ती उतरत जाते, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदला. ऊब घ्यायची जागा पिल्लासाठी २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरे. ती थंड पडली की पचन मंदावतं आणि भूकही मरते. पिल्लू खात नाही म्हणून अन्नाला दोष देण्याआधी थर्मामीटर बघावा.

रातकिडा किती मोठा? बुवाच्या दोन डोळ्यांमधल्या रुंदीपेक्षा मोठा नको. किती घालायचे? सकाळी, दिवे लागून तो थोडा शेकला की, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. या वयात साधारण आठ-दहा-बारा छोटे होतात. सहा महिन्यांच्या पुढे दिवसाआड, पूर्ण वाढला की आठवड्यातून दोन-तीनदा. इथे प्रेमाची माणसं चुकतात. तो बघतोय, मागतोय, म्हणून घालत राहतात. तो नेहमीच बघणार, त्याचा स्वभावच तो.

यावरून आठवलं, बुवा खरंच बुवा आहे ना? मागच्या पावलाच्या मागे टाचेसारखा छोटा उंचवटा दिसला तर नर. व्हेल्डमध्ये तो जन्मापासूनच असतो. नसेल तर ती बाई. मग खाण्याचा हात आणखी आखडता ठेवायला लागेल. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी घालते आणि जितकं जास्त खाणं-ऊब, तितकी जास्त अंडी. त्यात मादी अडते, दगावतेही. तिला काही महिन्यांनी ओलसर वाळूचं खोल भांडं द्यावं लागेल. नावाचं काय करायचं ते मुलीला ठरवू द्या.

रातकिडे नुसते पिंजऱ्यात सोडू नका. ही माझी स्वतःची चूक आहे. मीही एक शॅमेलिऑन सांभाळला होता. एका संध्याकाळी घाईत मूठभर रातकिडे आत सोडले, त्याने तीन खाल्ले, बाकीचे कुंडीत, पानांखाली पसार. सकाळी बघते तर त्याच्या मागच्या पावलावर लाल, ओलसर ठिपका. झोपलेल्या शॅमेलिऑनला उपाशी रातकिडे कुरतडतात हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि पाहिलेलं यात फरक पडतो. तेव्हापासून मी पेला वापरते : गुळगुळीत कडांचा, अपारदर्शक, जरा खोल पेला फांदीला बांधायचा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. आतल्या एका बाजूला जाळीची पट्टी लावली की रातकिडे तिच्यावर चढतात आणि दिसतात. उरलेले मोजता येतात, काढून परत डब्यात घालता येतात. पहिले दोन-तीन दिवस बुवा पेल्याकडे संशयाने बघेल, मग सवय होते. रातकिडे पळू नयेत म्हणून काही जण त्यांचे मागचे पाय मोडतात. ते मात्र करू नका. पेला असताना त्याची गरजच नाही.

रोज रातकिडेच हवेत असंही नाही. तुमच्या प्रश्नाला याचा खरा उपयोग होईल. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. रेशीम अळी मऊ, पचायला हलकी. डुबिया झुरळं आवाज करत नाहीत, गुळगुळीत काचेवर चढत नाहीत, वासही कमी. नुसतं ‘झुरळ’ ऐकून नको म्हणू नका, एकदा बघा तरी. मीलवर्म आणि वॅक्सवर्म या अळ्या अधूनमधून, खाऊ म्हणून. वॅक्सवर्ममध्ये चरबी फार. मुलीला रातकिड्याचं वाईट वाटतं, कारण तो गातो, त्याला चेहरा आहे, मिशा आहेत. अळीबद्दल तिला तितकं वाटणार नाही कदाचित. याला तर्क नाही, पण आपल्या सगळ्यांची कणव अशीच चालते, मोठ्यांचीही.

बागेतले किडे मात्र पकडून घालू नका, कितीही ‘नैसर्गिक’ वाटले तरी. फवारलेलं औषध डोळ्यांना दिसत नाही, परजीवीही दिसत नाहीत, आणि काजवा तर सरड्यांच्या जातीला सरळ विषारी. एखाद-दुसरा पोटात गेला तरी प्राणी मेल्याची उदाहरणं आहेत.

आता मुलीचं. मन घट्ट करायला हवं का, असं विचारलंत. मला वाटतं तिच्या मनात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. डब्यातल्या ढीगभर किड्यांतून पाय नसलेला एक तिलाच दिसला, तुम्हा-आम्हाला नाही. प्राणी सांभाळणाऱ्याला लागते ती नजर हीच. तिला बघायला लावू नका आणि ‘अगं, एवढं काय त्यात’ म्हणून तिची समजूतही काढू नका. कामाची वाटणी बदला. बुवाला खाऊ घालणं आजपासून तुमचं किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचं काम. खरं तर ते पहिल्यापासून मोठ्यांचंच होतं. दहा वर्षांच्या मुलीवर एका जिवाचं पोट सोपवायचं नसतं. तिला रातकिड्यांचा डबा द्या : भाजी चिरून घालणं, ट्रे बदलणं, कोण कात टाकतंय ते बघणं. तिच्या हातात त्यांचं जगणं येतं, मारणं नाही. ती म्हणाली, मग मी त्यांना खाऊन-पिऊन मरायलाच तयार करते का? तर खोटं बोलू नका. हो म्हणा. मुलांना उत्तर कडू असलेलं चालतं, पण गुळगुळीत उत्तराचा त्यांना लगेच वास येतो. नको म्हणाली तर डबाही तुमच्याकडे घ्या आणि तिला पानांवर पाणी फवारू द्या. बुवाला किंवा त्याच्या भांड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणं मात्र सगळ्यांना सक्तीचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला यापासून लांबच ठेवा.

देऊन टाकायचं का? यात कमीपणा नाही, फक्त कारण खरं असू द्या. नीट सांभाळला तर हा प्राणी पाच-सहा वर्षं, नर असेल तर त्याहून थोडा जास्तही जगतो. म्हणजे मुलगी सोळा वर्षांची होईस्तोवर रोजचे किडे, रोजचे दिवे, वर्षाकाठी यूव्हीबीची नळी, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा पशुवैद्य. हे सगळं वाचून तुम्हालाच ‘नको बाई’ झालं असेल तर आत्ताच, तो धडधाकट असताना, जाणकार माणसाला द्या. बाहेर सोडून मात्र देऊ नका. पण ‘मुलगी रडते’ एवढ्याच कारणाने देणार असाल तर थांबा. आपण रडलो म्हणून बुवाला घर सोडावं लागलं, हे तिला पिंट्याच्या पायापेक्षा जास्त दिवस पुरेल. महिनाभर वर सांगितल्यासारखं करून बघा. या महिन्यात तो दिवसा डोळे मिटून बसू लागला, डोळे खोल गेले, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसला किंवा फांदीवरून घसरू लागला, तर मात्र महिना संपायची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

राहिला पिंट्या. त्याला कंपासपेटीतून बाहेर काढा, हवा खेळती राहील असा स्वतंत्र डबा द्या, आणि तो बुवाला कधीही मिळणार नाही, असा शब्द मुलीला द्या नि पाळा. मात्र एक गोष्ट तिला आत्ताच सांगून ठेवा. पूर्ण वाढलेला रातकिडा काही आठवडेच जगतो, कितीही गाजर घातलं तरी. तो म्हातारा होऊन मरेल तेव्हा तिने ‘बुवाने खाल्लं का?’ असं विचारायची वेळ येऊ नये. तो नर आहे की मादी हे ओळखणं सोपं आहे. मादीच्या मागे सुईसारखी लांब नळी असते, आणि पंख घासून आवाज काढतात ते फक्त नर. पिंट्या नर निघाला तर डबा मुलीच्या उशाशी ठेवू नका. एक रातकिडा अख्ख्या घराला जागं ठेवतो, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.